गादीतली गाठ

आमचे घरमालक सायकलला डॉक्टरची नळी लावून तपासायचे. अमरावतीच्या राजापेठेत त्यांच्या माडीवरच्या खोलीत मी राहायला गेलो, त्या पहिल्याच सकाळी जिना उतरताना हा देखावा पाहिला. खालच्या पडवीत छताच्या कडीला सायकलचा नुसता सांगाडा टांगलेला. ना चाकं, ना साखळी, ना सीट. त्यापुढं गुडघे टेकून बसलेले काका, कानात स्टेथोस्कोप, हातात चहाचा चमचा. चमच्यानं पोलादी नळीवर हलकी टिचकी मारायची, डोळे मिटून ऐकायचं आणि बोटभर पुढं सरकायचं. मी "नमस्कार" म्हटलं तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं, आणि मी एक पाय पायरीवर, एक हवेत, असा ताटकळत राहिलो.

नळी काढून ते म्हणाले, "लोखंड आतून सडते, सर. बाहेरून रंग चमकते, आतून भुसा. क्लासले चालले काय? डाव्या बाजूनं जाजा. आन् खिशात हे ठेवा."

त्यांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर माझं नाव, रक्तगट आणि दर्यापूरचा माझा घरचा पत्ता लिहिला होता. पत्ता त्यांनी खोली देतानाच विचारून घेतला होता, तेव्हा मला ती साधी चौकशी वाटली होती. तसली चिठ्ठी त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या, प्रत्येक पायजम्याच्या खिशात असायची. कुठं पडलो-झडलो तर लोकांना कळावं म्हणून.

काका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नव्हतं. साखर असो की खिळे, कागदात बांधून त्याची पुडी करायचे, औषधाच्या पुडीसारखी, एक टोक दुसऱ्यात खोचून. माणूस एवढासा, पण भीती त्याच्यापेक्षा मोठी. पंख्याखाली झोपायचे नाहीत. फोन चार्जिंगला लावला की त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. मी कपड्यांना इस्त्री केली की थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजायची, काका आत यायचे, एक शब्द न बोलता भिंतीतल्या बटणाला तळहात लावून बघायचे आणि निघून जायचे. हसलो तर म्हणायचे, "हसा. ज्याले भेव, त्याले देव."

काकू अगदी उलट. गावभर ऐकू जाईल असा आवाज आणि कशाचीही पर्वा नाही. त्या म्हणायच्या, "या मानसानं लग्नात माह्या गळ्यात हार घालाच्या आधी हाराचा दोरा ओढून पाह्यला होता."

मी खूप दिवस हसलो. मग एकदा क्लासमध्ये घर्षण शिकवता शिकवता माझ्या मनात आलं, खोलीतला गॅस बंद केलाय ना? पुढचा सगळा तास माझ्या डोळ्यांपुढं तो गॅसच होता. भीती खरजेसारखी असते. एका घरात राहिलं की लागते.

संध्याकाळी क्लास सुटला की मी पडवीत बसू लागलो. काकांचा हात कापायचा, त्यामुळं त्यांना काहीतरी धरायला माणूस हवाच असायचा. सायकल जुन्या काळातली शर्यतीची होती, बारीक पोलादी नळ्यांची, वाकड्या हँडलची, उचलली तर हलकी. एक डॉक्टरसाहेब बदली होऊन जाताना काकांना देऊन गेले होते. मूळ रंग शेवंतीचा पिवळा, पण आता अर्धा उडालेला. जाम झालेल्या प्रत्येक नटावर काका कापसाच्या बोळ्यानं रॉकेल सोडायचे आणि दोन-दोन दिवस त्याला हात लावायचे नाहीत. मी पाना उचलला की ओरडायचे, "औषध देल्लं हाय त्याले. गुन येऊ द्या." गंज काढायला चिंच, पुसायला जुनं धोतर. नळ्या आतून शाबूत आहेत हे नळीनं ऐकूनही त्यांचं समाधान होईना, म्हणून एकदा त्यांनी सांगाड्यावर सोयाबीनचं भरलेलं पोतं लटकवलं आणि दिवसभर त्याच्याकडं बघत बसले.

काकू म्हणाल्या, "पोतं शर्यत जिंकन काय तुमचं?"

काका हसले नाहीत. त्यांचं कपाळ घामानं भिजलं होतं. ही कुणासाठी चालली आहे तयारी, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला छंद लागला आहे.

भीतीचं मूळ मात्र त्यांनी स्वतःच सांगितलं. चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुपाखी भाग, मी धरला होता आणि ते चिंचेनं घासत होते. "सर, माह्या उभ्या नोकरीत मले चांगला रस्ता दिसलाच नाही," ते म्हणाले. "रस्त्यावरून घरी पोचले ते मले कधी भेटलेच नाही. जे नाही पोचले, तेच माह्या टेबलावर येत. एक पोट्टा आनला होता, सायकलवाला. ट्रक लागला होता. त्याच्या पायात बूट तसाच होता, लेस नीट बांधलेली. त्याच्या मायनं बांधली असन." चिमटा कधीच लख्ख झाला होता, तरी ते घासत राहिले. त्या दिवसापासून ट्रक मागून आला की माझी मान आपोआप वळू लागली.

साखळी सापडली त्या दिवशी मला सगळं कळलं. मी पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दारात गेलो, तर काकू तुरीच्या डाळीच्या कोठीत दंडापर्यंत हात घालून काहीतरी चाचपत होत्या. त्यांनी एक कागदी पुडी बाहेर काढली. काकांनी ती झडप घालून घेतली आणि उघडली. आत तेल लावलेली सायकलची साखळी.

"डाळीत साखळी?" मी म्हटलं.

काका साखळी घेऊन पडवीत पळाले. काकूंनी हात झटकले आणि पाटावर बसल्या. "पोरीची सायकल होये ते. कॉलेजात होती तवाची. वारा होती पोट्टी, वारा. अमरावतीवरून अकोल्यापर्यंत शर्यत होती, तिनं नाव देल्लं. शर्यतीच्या आदल्या दिवशी आमी मायलेकी अंबादेवीले गेलो, ओटी भराले. वापस आलो तं आंगनात सायकल नाही. चोरी गेली म्हनलं यायनं."

"गेली नव्हती?"

"कायची जाते, बापा! यायनंच कुलूप खोललं, न्हानीत कडी लावून सायकल सुटी केली आन् पुड्या बांधल्या. पायंडल इकडं, ब्रेक तिकडं. चाकातले छर्रे तं खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत. फ्रेम आन् चाकं गोधडीत गुंडाळून भावाच्या गावी धाडले, रिद्धपूरच्या अंगाले. आन् पोरीच्या संग गल्लीगल्लीनं सायकल शोधत हिंडले! मले तिच्या लग्नानंतर समजलं. देवघराच्या मागं ब्रेक हाताले लागला."

मी विचारलं, "मंग तुमी ताईले सांगतलं काहून नाही?"

काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "काय सांगू? तुहा बापच चोर हाय म्हनू? सासरी गेलेल्या पोरीले माहेर एकच असते, सर."

पुढचं काकांनी मला तुकड्यातुकड्यानं सांगितलं. अख्खी सायकल तिला बोलावत राहिली असती, सुटे भाग बोलावत नाहीत, असं त्यांना वाटलं होतं. विकायला मन झालं नाही, कारण ती तिची होती. पोरगी चार दिवस जेवली नाही, मग जेवायला लागली, मग शिकली, लग्न झालं, अकोल्याला बँकेत लागली. काकांना वाटलं, निभलं. आणि गेल्या दिवाळीत ती आलेली असताना तिच्या लेकीनं सायकल मागितली. ताई फराळ वाढता वाढता म्हणाली, "आपल्या घरी सायकल नको, बाई. मले कुलूप लावता येत नाही. एक डाव माह्या हलगर्जीपनानं गेली हाय." सहज म्हणाली, हसत म्हणाली. काकांच्या हातात चकली होती. ती त्यांनी तशीच ताटात ठेवली. दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं ते फ्रेम आणि चाकं आणायला भावाच्या गावी गेले.

म्हणजे त्या सगळ्या टिचक्या, ते पोतं, ते रॉकेल याच्यासाठी होतं. सायकल जशी होती तशी, पुडीपुडीनं गोळा करून, तिला परत द्यायची. आणि ती हातात देताना तिला काय सांगायचं, या एका प्रश्नापुढं काकांना ट्रकसुद्धा लहान वाटू लागले होते.

ताई यायची तेव्हा घरात चोरांच्या घरासारखी धावपळ व्हायची. तिचा फोन आला की काका सायकल उतरवायचे आणि आम्ही दोघं ती माझ्या खोलीत खाटेखाली सरकवून वर चादर सोडायचो. असाच एकदा मी वरून तिला पहिल्यांदा पाहिलं. चाळिशी ओलांडलेली, ठसठशीत बाई. गाडीतून उतरली, कुलूप लावलं, चारही दारं ओढून पाहिली. फाटकापर्यंत आली, परत गेली, पुन्हा चारही दारं ओढली. घरात गेली आणि चहा यायच्या आत तिसऱ्यांदा बाहेर आली. मी काकांवर हसत होतो तसा तिच्यावर हसू शकलो नाही. काकांची भीती त्यांची स्वतःची होती. हिची भीती हिच्या नावावर खोटी टाकलेली होती.

मग जिन्यावर पावलं वाजली. ती माझ्यासाठी ताटलीत कडबोळी घेऊन वर येत होती. मी खाटेवर बसलो आणि पाय खाली सोडून चादर टाचेनं दाबून धरली.

"सर, घ्या. आईनं केले हायत," ती दारात उभी राहून म्हणाली. मग हवा हुंगून म्हणाली, "अठी रॉकेलचा वास येऊन राहिला का हो?"

"स्टोव्ह," मी म्हणालो. माझ्याकडं स्टोव्ह नव्हता. तिची नजर खोलीभर फिरली. जिन्यात काका उभे होते, एक हात कठड्यावर, चेहरा पिठासारखा. ताई म्हणाली, "सांभाळा बरं. बाबाले समजलं तं झोपनार नाहीत." आणि उतरून गेली.

उन्हाळ्यापर्यंत सगळं मिळालं, एक वस्तू सोडून. मागच्या चाकाचं फ्रीव्हील, म्हणजे साखळी जिच्यावर बसते ती दातेरी चक्री. कोठ्या उपसल्या, माळा झाडला, जुन्या रेडिओचं पोट फाडलं. नाही. मी बाजारातून नवं आणलं, तर त्याचे आटे या चाकाला बसेनात. मी म्हणालो, आणखी शोधतो. काका म्हणाले, "बसलं असतं तरी लावलं नसतं. तिचं तिलेच वापस द्याचं हाय, सगळंच." पण कुठं ठेवलं ते त्यांना आठवत नव्हतं. भीतीनं लपवलेली वस्तू भीतीनंच विसरली होती.

एके दिवशी काकूंनी गच्चीवर गाद्या उन्हात घातल्या होत्या. काका वर आले, गाद्यांकडं बघितलं आणि कठडा धरून खाली बसले.

"किती होत्या ह्या?" त्यांनी विचारलं.

"काय किती? तीन भरल्या होत्या तवा, घरच्या कापसाच्या. पिंजाऱ्याजवळ बसून मी सोता भरल्या. दोन ह्या. एक पोरीच्या लग्नात देल्ली."

काकूंच्या हातातली काठी थांबली. "अवो," त्या म्हणाल्या, "पोरगी म्हनत होती, गादीत पायथ्याशी गाठ हाय. मी म्हटलं, सरकी राहिली असन."

आमच्याकडं मुलीबरोबर घरच्या कापसाची गादी जाते, हे काका काही विसरले नव्हते. पण आपण कुठल्या गादीची शिवण उसवली, पुडी कापसात खोल दडवली आणि जखमेसारखे टाके घालून पुन्हा शिवली, हे ते विसरले होते. लग्नाच्या धामधुमीत ती गादी त्यांनीच उचलून गाडीत ठेवली होती. आणि ताईनं ती आजपर्यंत पिंजून घेतली नव्हती, आईच्या हातची आहे म्हणून. तिची सायकल चोरीला गेलेली नव्हती. तिचा एक तुकडा इतकी वर्षं तिच्या पायाशी होता.

काकूंनी लगेच तोड काढली. "पिंजाले म्हनून गादी मांगून घेतो. पुडी काढतो, गादी वापस देतो. आन् सायकल भेटली म्हना. जुन्या बाजारात भेटली म्हना. कोनाले काय समजते?"

मीही म्हणालो, हे बरं आहे. खरंच बरं होतं. कुणालाच काही झालं नसतं. काकांनी हो म्हणून मान हलवली, आणि मग कित्येक दिवस ते घरात सावलीसारखे फिरत राहिले. फोन चार्जिंगला लागलेला असायचा आणि समोरची खुर्ची रिकामी असायची. ते बघून मलाच भीती वाटू लागली. एका सकाळी ते वर आले, इस्त्रीच्या बटणाकडं बघितलंही नाही. म्हणाले, "सर, तुमाले सुट्टी हाय काय? अकोल्याले चला माह्यासंग. सायकल भेटली म्हनलं तं तिले सायकल वापस भेटते. पन तिचं लावलेलं कुलूप तिले वापस नाही भेटत."

एसटीत ते माझ्याशेजारी बसले, पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून. पिशवीत मलमपट्टीचं सामान आणि टाके कापायची कात्री. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. हाच शर्यतीचा रस्ता. ट्रक समोरून आला की त्यांचे डोळे मिटायचे. मी उगाच धीर द्यायला म्हणालो, "काका, इथूनच गेली असती ताई. गेली असती आन् पोचली असती."

"पोचली असती," ते म्हणाले. "आता वाटते, पोचली असती." आणि खिशातली चिठ्ठी चाचपून पाहिली.

ताई दारात आम्हाला बघून घाबरली. न कळवता वडील आले म्हणजे आईचं काहीतरी झालं, असंच तिला वाटलं. "आई?" तिनं विचारलं.

"बरी हाय. तुही गादी कुठं हाय?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हातारपणात माणसं भ्रमिष्ट होतात, तसं काही आहे का, असा तिचा चेहरा. मी खाली बघितलं. तिनं आतल्या दिवाणावरची गादी दाखवली. काका गुडघ्यावर बसले, पायथ्याचा कोपरा दाबून पाहिला, आणि त्यांना गाठ लागली. मग कात्रीनं एकेक टाका कापत गेले. हात इतका कापत होता की मला वाटलं, कापड फाटेल. कापसाचे पुंजके बाहेर आले, आणि त्यामागून पिवळ्या पडलेल्या कागदात, धोतराच्या चिंधीत गुंडाळलेली ती पुडी. एक टोक दुसऱ्यात खोचलेलं.

पुडी बघूनच तिला कुणी बांधली ते कळलं असणार. तिनं स्वतः ती उघडली. फ्रीव्हील तळहातावर घेतलं, अंगठ्यानं एकदा फिरवलं. ते टिकटिक वाजलं.

काका जमिनीवर बसूनच बोलले. सगळं बोलले. दवाखान्यातला तो पोरगा, अंबादेवी, न्हाणी, गल्लीगल्लीनं केलेला शोध. "मले भेव वाटलं, माय," एवढंच कारण दिलं. त्याला काही जोडलं नाही.

ताई फ्रीव्हील मुठीत धरून उभी होती. मला वाटलं, ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "म्हंजे मी कुलूप लावलं होतं?"

"लावलं होतं, बाई. लावून एक डाव ओढूनबी पाह्यलं होतं. म्या खोललं."

"मले वाटे, मी देवाच्या घाईत विसरली." ती खाली बसली नाही, रडली नाही. "मी पोरीले शाळेत सोडून दोन-दोन डाव वापस जातो, वर्गात पोचली का पाहाले. नवरा हसते मले. मी समजत होती, माह्यातच काही खोट हाय." मग तिनं फ्रीव्हील काकांच्या हातात ठेवलं. "तुमी जा आता."

चहासुद्धा झाला नाही. परतीच्या गाडीत काकांनी दांडा धरला नाही. समोरून किती ट्रक गेले कुणास ठाऊक, ते डोळे उघडे ठेवून बसले होते. माणूस भ्यायचा थांबला तर कसा दिसतो, ते मी पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

फ्रीव्हील बसलं. सायकल तयार झाली. मी सरावानं पाना पुढं केला आणि काकांनी सगळे नट पुन्हा तपासले, पण मन नव्हतं. अकोल्याचा फोन आला नाही. काकूंनी केला तर ताई दोन शब्द बोलायची आणि ठेवायची. पोळ्याला ती आली नाही. गणपतीला आली नाही. घरात फोन वाजला की तिघंही दचकायचो. काकू एकदा मला म्हणाल्या, "सर, मी यवढी वर्सं याच भेवानं गप्प होती." त्यांचं बोलणं आता माडीवर ऐकू येत नव्हतं.

खंडेनवमीला काकांनी सायकल धुतली, हळदकुंकू वाहिलं, हँडलला झेंडूचा हार घातला. मी म्हटलं, हार चाकात जाईल. ते म्हणाले, "चालवते कोन?"

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी, न कळवता, फाटकाशी गाडी थांबली. मी माडीवरून बघत होतो. ताई उतरली. पायात बूट. गाडीला कुलूप लावलं, दाराला हात घातला, आणि तसाच काढून घेतला. सरळ आत आली. काकूंच्या पाया पडली. काकांकडं न बघता सायकलपाशी गेली, वाळलेला हार काढून खुंटीला अडकवला.

"ब्रेक?" तिनं विचारलं.

"पाह्यले."

"चिमटा?"

"पोतं टांगून पाह्यला," काका म्हणाले.

तिनं सायकल रस्त्यावर नेली आणि बसली. काकांनी मागून सीट धरली होती, लहान पोरांना शिकवताना धरतात तशी. ती निघायला लागली तरी त्यांची बोटं सुटेनात.

"सोडा," ती म्हणाली.

त्यांनी सोडलं. ती गल्लीच्या तोंडाशी डावीकडं वळून दिसेनाशी झाली. मी खाली येऊन काकांजवळ पायरीवर बसलो. मला भयंकर भीती वाटत होती. त्या नळ्या मीही धरल्या होत्या, ते नट मीही आवळले होते. आतून कुठं भुसा असेल तर? काकू दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. मोठ्या रस्त्याकडून हॉर्न ऐकू येत होते. मध्येच रुग्णवाहिकेचा भोंगा जवळ आला, काका उठून उभे राहिले, भोंगा लांब गेला, ते बसले. पण बसताना त्यांनी आतून आणलेली मलमपट्टीची पिशवी मांडीवर घेतली. "ज्याले भेव, त्याले देव," मी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी गप्प झालो. चहाला आधण येऊन आटलं असेल, इतका वेळ गेला. मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन यायला लागतो त्यापेक्षा जास्त. ती कुठवर जाणार हे तिनं सांगितलंच नव्हतं.

ती गल्लीच्या दुसऱ्या टोकानं आली. घामानं निथळलेली, केस सुटलेले, आणि एका गुडघ्यावर कापड फाटून रक्त आलेलं. काकूंनी किंकाळी फोडली. ताईनं सायकल फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, भिंतीला टेकवली आणि लंगडत आत येऊन पायरीवर बसली. "वळनावर रेती होती," ती म्हणाली. "पडली. उठली. काही नाही झालं." आणि हसली. मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

काकांनी पिशवी उघडली. कापसानं जखम धुतली, औषध लावलं. पट्टी गुंडाळताना त्यांचा हात कापत नव्हता. मी मुद्दाम बघितलं. गुडघ्याकडं बघतच ते हळू म्हणाले, "सायकल बाहेर हाय. कुलूप..."

"राहू द्या, बाबा," ती म्हणाली.

फाटकातून पिवळी सायकल दिसत होती. रस्त्यानं जाणारा एक माणूस तिच्यापाशी थांबला, वाकून हँडल बघू लागला. काकांनाही तो दिसला. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी मान खाली घातली आणि पट्टीचा पुढचा वेढा दिला.